अच्युतकाकांचा गालिचा

"टाचा दाखव," अच्युतकाका म्हणाले.

मी दारात उभी. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात आईनं दिलेला लाडवांचा डबा, अंगावर एसटीची धूळ. कॉलेजसाठी कराडला काकांकडे राहायला आले होते. ‘ये, बस, प्रवास कसा झाला’ यांतलं काहीही होण्याआधी मला ट्रंक खाली ठेवून, चौकट धरून एकेक पाय मागे वर करावा लागला. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाकून पाहिलं आणि डाव्या टाचेवरून अंगठा फिरवला.

"चालेल," ते म्हणाले. "पण पाय धुऊन. आणि मधून नाही, कडेनं."

प्रवेश परीक्षा कॉलेजात असते असं मी तोवर समजत होते.

बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा कारण समोर पसरलेलं होतं. जवळजवळ सगळी जमीन व्यापणारा, डाळिंबाच्या सालीच्या रंगाचा एक जुना गालिचा. खुर्च्या, टेबल, रेडिओ, देवांच्या तसबिरीखालचं कपाट, सगळं भिंतीला चिकटवलेलं. गालिचा आणि सामान यांच्यामध्ये वीतभर रुंदीची एक गल्ली सोडलेली होती. घरातली माणसं भिंतीला पाठ लावून त्या गल्लीतून ये-जा करत. घरातली माणसं म्हणजे काकूच. काका बैठकीच्या खुर्चीतून फारसे उठत नसत.

कराडात त्या काळी परदेशी जाऊन आलेली माणसं नव्हती असं नाही. पण ती टेपरेकॉर्डर आणत, घड्याळं आणत, बायकोला काहीतरी सोन्याचं आणत. काका इराणात केरमान नावाच्या गावाजवळ तांब्याच्या खाणीवर स्टोअरकीपर होते. काकूला नेणार, नेणार म्हणत ते तिकडे बरीच वर्षं एकटेच राहिले आणि तिथलं राज्य उलथल्यावर घाईघाईनं परतले ते खांद्यावर ही गुंडाळी घेऊन. काकू त्यांना घ्यायला स्टँडवर गेली होती. तिला आधी वाटलं, नवऱ्यानं गादी आणली. हे काकांनी तिला कधी माफ केलं नाही.

रविवारी सकाळी गालिच्याचं दर्शन असे. आलेली मंडळी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर, पूर आल्यासारखे पाय वर घेऊन बसत. काका काकूची विणकामाची सुई हातात घेत. या सुईनं काकूनं शेवटचं कधी काही विणलं होतं, कोण जाणे. ती आता व्याख्यानाच्या कामाला लागली होती.

"हा बघा, वकीलसाहेब, सरूचं झाड," काका सुई रोखून सांगत. पोतनीस वकील शेजारीच राहत, त्यामुळे सुटका नव्हती. "बारा महिने हिरवा. कधी मान खाली घालत नाही. ही फुलदाणी, हे बुलबुल. आणि हा, काठानं ओळीनं गेलाय ना, हा बूटेह! नीट पाहा. तोच सरू आहे, फक्त वाऱ्यानं शेंडा वाकलाय. वाकला, पण मोडला नाही. केवढं तत्त्वज्ञान आहे!"

"वा," वकील म्हणत. ते गेल्या रविवारीही वा म्हणाले होते.

"कोयरी आहे ती," स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणे. दरवेळी म्हणे.

"कोयरी तुझ्या हळदीकुंकवाची!" काका सुई तिच्याकडे वळवत. "बूटेह आहे हा. अडीच हजार वर्षांची संस्कृती आहे त्याच्यामागे."

"असेल. पण दिसते कोयरीच."

काकू रोज सकाळी दारात रांगोळी काढायची. तिच्यात चारी कोपऱ्यांना वळून बसलेल्या कोयऱ्या असत, तंतोतंत गालिच्याच्या काठासारख्या. ते आख्ख्या आळीला दिसायचं. काकांना मात्र दिसायचं नाही, कारण त्यांना संस्कृती दिसत होती.

गालिच्याच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढा काळपट डाग होता. त्याचंही व्याख्यान असे. "हा दोष मुद्दाम ठेवलाय. परिपूर्ण फक्त परमेश्वर. म्हणून तिथले जाणते कारागीर एक चूक ठेवतात. अडाणी माणसाला डाग वाटेल." बोलताना काका अडाणी माणसाकडे, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराकडे, पाहत.

शेवटी खरेदीची हकिगत. केरमानच्या बाजारात काकांनी शेकडो गालिचे उलटेपालटे करून हा निवडला. व्यापाऱ्यानं चहावर चहा पाजला, पण काका बधले नाहीत आणि उठून चालू लागले. व्यापारी मागे धावत आला. या हकिगतीतला व्यापारी दर महिन्याला थोडा जास्त लांब धावत असे. मी कराडला आले तेव्हा तो बाजाराच्या कमानीपर्यंत धावला होता, दिवाळीपर्यंत तो काकांच्या बिऱ्हाडाच्या दाराशी पोचला.

काकूच्या टाचा परीक्षेत पहिल्याच दिवशी नापास झाल्या होत्या, मी येण्याच्या कितीतरी आधी. तिच्या टाचांना भेगा होत्या. धुण्याच्या दगडापाशी, ओल्या मोरीत, रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईच्या टाचांना असतात तशा. काकांचं म्हणणं, यात रेशीमही विणलेलं आहे, भेगांत धागा अडकला तर गाठ उसवेल. त्यांनी तिला एक मलम आणून दिलं. ‘हे लाव, बऱ्या झाल्या की बघू.’ मलम संपलं, बघायचं राहून गेलं. ती आपल्याच घराच्या बाहेरच्या खोलीत कधी बसली नाही. मला आधी हसू यायचं. मग एक दिवस ती पाहुण्यांचा चहा घेऊन गल्लीतून जाताना खुर्चीच्या पायाला अडखळली आणि ट्रेसकट भिंतीवर आदळली. कोपर फुटलं. चहा तिच्याच अंगावर सांडला होता.

काका ताडकन उठले. "गालिच्यावर सांडला नाही ना?"

"नाही," काकू म्हणाली. "मी आडवी आले."

त्या दिवसापासून मला हसू येणं बंद झालं.

संक्रांत जवळ आली तसं काकूच्या मनात काहीतरी शिजू लागलं. ती वडे तळता तळता थांबायची, बाहेरच्या खोलीकडे बघायची. एका संध्याकाळी तिनं जेवताना विषय काढलाच.

"अहो, यंदा हळदीकुंकू बाहेरच्या खोलीत करू या का?"

काकांचा घास हातातच राहिला. "कुठे?"

"बाहेर. गेल्या वर्षी मागच्या पडवीत केलं तर बायका म्हणाल्या, कुमुदताई, घरात सुतक आहे का? मला बोलायला जागा राहिली नाही."

"अगं, आख्खी आळी येणार! एवढ्या बायकांच्या टाचा तपासत कोण बसणार?"

"तपासायच्या कशाला?"

काका माझ्याकडे वळले. "बघ वृंदा, बघ. ह्या घरात एक जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे, आणि हिला त्यावर बायका बसवायच्या आहेत."

"गुंडाळून ठेवू दिवसभर," काकू म्हणाली. "संध्याकाळी परत घाला."

"गुंडाळून! घडी पडली म्हणजे?"

काकूनं त्यांना आणखी भात वाढला. भांडी घासताना मला म्हणाली, "माझं काय म्हणणं आहे, वृंदा? लग्न होऊन या घरात आले, तिथल्याच जमिनीवर पाय ठेवायला मला नवऱ्याचा दाखला लागतो. बाकी काही नाही." ती हे हसून म्हणाली, पण तिचा आवाज काही हसला नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी मागच्या पडवीत सतरंज्या घालत होते, तेवढ्यात बाहेर कडी वाजली. दारात एक उंच, दाट भुवयांचा तरुण, हातात पिस्त्यांचा डबा. "मिस्टर अच्युत?" त्यानं विचारलं.

काकांनी त्याला ओळखायला एक क्षण घेतला, मग एकदम मिठीच मारली. तो बेहरूझ. केरमानमध्ये काका ज्यांच्या घरी भाड्यानं राहत, त्या तूबा खानम यांचा मुलगा. पुण्याला शिकायला आला होता, आणि आईनं सांगून पाठवलं होतं, मिस्टर अच्युतांना भेटून ये. काकांचं फारसी धो धो सुरू झालं. आमच्यासमोर अस्सल इराणी माणसाशी बोलायची संधी त्यांना याआधी मिळाली नव्हती. मी आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होतो, कळत काहीच नव्हतं.

मग बेहरूझनं बूट काढले, मोजे काढले आणि टाचा न दाखवता तो सरळ गालिच्यावर गेला. मधोमध.

काकांचं फारसी अडलं.

तो गुडघ्यावर बसला, तळहातानं लोकर कुरवाळली. मग रांगत कोपऱ्यात गेला, तो काळा डाग बघितला आणि मोठ्यानं हसला. स्वतःच्या छातीवर हात ठेवून, डागाकडे बोट करून काकांना भरभर काहीतरी सांगू लागला.

"काय म्हणतोय?" काकूनं विचारलं.

"म्हणतोय," काकांनी घसा साफ केला, "असा मुद्दाम ठेवलेला दोष आजकाल बघायला मिळत नाही."

बेहरूझनं काकांकडे बघितलं. त्याच्या भुवया जवळ आल्या. पुन्हा काही बोलला, या वेळी काकूकडे हात करून, बराच वेळ.

"आता?"

"म्हणतोय, चहा घेईल."

"चहासाठी एवढं बोलला?"

"त्यांची भाषा काव्यमय आहे," काका म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि दिवस तर जानेवारीचे होते.

बेहरूझ उठला. गालिच्यावरूनच चालत आमच्या दाराशी आला, आणि काकूला वाकून नमस्कार करून म्हणाला, "काकू, मी मराठी पण थोडी थोडी बोलते."

पुण्यात ज्या बाईंकडे तो जेवायला जात होता, त्यांच्याकडून तो मराठी शिकला होता, आणि जशी ऐकली तशीच उचलली होती. काकू पदर तोंडाशी धरून हसली. काका हसले नाहीत. ते खुर्चीत बसले, खाली बघत.

"तो डाग मी केली," बेहरूझ सांगू लागला. "लहान होती मी. समोवार माहीत? चहाचा? त्यातला निखारा मी इथे पाडली. आईनं मला खूप मारली."

"तुम्ही? इथे?" काकू गोंधळली. "पण गालिचा तर बाजारातून..."

"बाजार नाही! आमच्या घरातला. आईच्या आजीनं विणली. आम्ही सगळे ह्याच्यावर जेवली, ह्याच्यावर झोपली." त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "मग मिस्टर अच्युत आजारी पडली. फार ताप. टायफॉइड. आई रोज रात्री पाणी ठेवायची डोक्यावर. ते तापात रडायची."

"बेहरूझ," काका म्हणाले. पुढे काहीतरी फारसीत म्हणाले.

"नको, सांगू दे त्याला," काकू म्हणाली. मी तिला काकांना असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"ते म्हणायची, माझी बायको तिकडे एकटी. दिवसभर उभी. चूल, पाणी, रांग, सारखी उभी. मी तिला काही दिलं नाही, बसायला एक जागा पण नाही." बेहरूझनं शब्द शोधले. "आईनं विचारली, तिला काय आवडते? तर मिस्टर अच्युतनी उशाजवळच्या भिंतीवर बोटानं काढून दाखवली. म्हणाली, ती दारात रोज हे काढते." त्यानं हवेत बोट फिरवलं. एक गोल पोट, एक वळलेला शेंडा. "आई म्हणाली, अरे, हे तर आमचं बूटेह! मग आम्ही सगळे त्याच्यावरून उठली आणि आईनं गालिचा गुंडाळली. म्हणाली, हा त्या बाईला दे. ती ओळखेल."

काका विणकामाची सुई दोन्ही हातांत धरून बसले होते. मला त्यांची कीव आली, आणि त्यांचा रागही तेवढाच आला. बायकोसाठी रडलो, हे सांगण्यापेक्षा त्या माणसाला एक व्यापारी कल्पून त्याला गावभर धावायला लावणं सोपं वाटलं होतं.

काकूनं मात्र वेगळंच विचारलं.

"तुमच्याकडे मग आता खाली काय आहे?"

"आता? आता चटई," बेहरूझ हसला. "चालते. पण आईनं एक विचारायला सांगितली. गालिचा पायाला मऊ लागते का? तुम्हाला आराम आहे का? हे नक्की विचारून ये म्हणाली."

काकूनं काकांकडे पाहिलं. काका सुईकडे पाहत होते.

"थांब हं," काकू म्हणाली. "सांगते."

तिनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला. गल्लीत वळायची सवय पायांना इतकी होती की ती क्षणभर भिंतीकडे झुकलीच. मग सरळ झाली आणि पाऊल टाकलं. एक, मग दुसरं. सरूवरून, बुलबुलांवरून, फुलदाणीवरून ती सावकाश पार समोरच्या भिंतीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. एकही धागा उसवला नाही. काठाशी ती थांबली, कोयरीवर उजव्या पायाचा अंगठा ठेवून.

"मऊ आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आईंना सांग, फार मऊ आहे. आणि सांग, मी ओळखली."

जेवताना काका ताटाबाहेर बघत नव्हते. हात धुताक्षणी म्हणाले, "चला बेहरूझ, तुम्हाला कृष्णा-कोयनेचा संगम दाखवतो." भर दुपारी, टळटळीत उन्हात संगम दाखवायला नेणारा कराडातला तो पहिला माणूस असावा.

त्यांची पाठ वळली तशी काकूनं पदर खोचला. "वृंदा, पडवीतल्या सतरंज्या उचल. आणि ह्या खुर्च्या सगळ्या अंगणात काढ."

"काका आले की?"

"काका आले की आले. त्यांचंच घर आहे."

चारच्या सुमाराला बायका येऊ लागल्या. सगळ्यांत आधी पोतनीस वकिलांची बायको. ती दारात आली, खोली बघितली आणि सवयीनं चौकट धरून पाय मागे वर केला.

"वहिनी, पाय खाली ठेवा," काकू म्हणाली. "या, अशा मधे बसा."

बघता बघता खोली भरली. हसणं, बांगड्या, कोणाचं उखाणा घेणं, कोणाचं नाही नाही म्हणणं. वाण म्हणून काकूनं बेहरूझचे पिस्ते वाटले. गालिच्यावर तिळाचे दाणे पडत होते, हळद सांडत होती, एका बाईचं तान्हं बुलबुलावर पालथं पडून चोखायला बघत होतं. काकू बरोबर मध्यावर मांडी घालून बसली होती, आणि बसण्याआधी तिनं आपली पितळेची हळदीकुंकवाची कोयरी नेमकी काठावरच्या एका कोयरीला लागून ठेवली होती. शेजारी शेजारी दोन्ही सारख्या दिसत होत्या. अडीच हजार वर्षांनी का होईना, भेट झाली.

ऊन उतरल्यावर दोघं परत आले. आधी बेहरूझ दारात दिसला. एवढ्या बायका बघून बिचारा लाजला.

"ये रे, बस," काकूनं सरकून जागा केली. तो आला, बसला.

त्याच्यामागून काका. त्यांनी चप्पल काढली. खोलीत नजर फिरवली. हळद बघितली, तीळ बघितले, तान्हं बघितलं. त्यांनी गालिच्यावर टाकायला पाय उचलला.

"अहो, थांबा," काकू म्हणाली. मान वर न करता. "टाचा दाखवा."

पोतनीसवहिनींच्या हातातला पिस्ता हातातच राहिला.

काकांनी चौकट धरली. मग एक पाय मागे वर केला. इतकी वर्षं सगळ्यांच्या टाचा तपासणाऱ्या माणसाची टाच कोणी कधी पाहिलीच नव्हती. आज ती सगळ्यांनी पाहिली. काकूनं चष्मा लावून जरा जास्तच वेळ पाहिली.

"भेगा आहेत," ती म्हणाली. "भिंतीकडून या."

आणि काका आले. भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, एकेक पाऊल आडवं टाकत, बायकांच्या गुडघ्यांना ‘जरा, जरा’ म्हणत. कोणी हसलं नाही, हसायचं सगळ्यांनी घरी जाईपर्यंत राखून ठेवलं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले तोवर काकू तिळगुळाचं ताट घेऊन उठली होती आणि गालिच्याच्या मधून सरळ चालत त्यांच्या आधी तिथं जाऊन उभी होती.

"मऊ आहे ना गं?" काकांनी विचारलं. इतक्या हळू, की ते फक्त मला आणि तिलाच ऐकू गेलं.

काकूनं त्यांचा हात धरून उलटा केला आणि तळहातावर तिळगुळाची एक वडी ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "आणि गालिच्यावर सांडू नका."